लेहरा वाजवणारे ॲप घडवताना

२०२१ च्या पावसाळ्यात माझ्या भाच्याचा तबल्याचा वर्ग फोनच्या पडद्यावर भरू लागला होता. गुरुजी मिरजेला आणि भाचा पुण्यात, अशी स्थिती झाल्यावर वर्गातली एक गोष्ट आपोआप बंद पडली, ती म्हणजे लेहरा. एरवी वर्गात कुणीतरी पेटी पुढे ओढून एका आवर्तनाची धून धरतो, ती धून न थांबता फिरत राहते आणि तिच्या आधाराने विद्यार्थी कायदा, पलटे, रेला अशा तबल्याच्या रचना वाजवून समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येतो. व्हिडिओ कॉलवर एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोहोचायला सेकंदाचा काही भाग जातो, त्यामुळे दोन गावांत बसून एका लयीत वाजवणे शक्यच होत नाही. भाचा मग ध्वनिमुद्रित लेहऱ्यांवर रियाज करू लागला. एका संध्याकाळी तो म्हणाला, “मामा, कायदा हाताला बसला की लय थोडी थोडी वाढवायची असते, पण हा लेहरा आहे तिथेच राहतो. आणि फोनमध्ये वेग वाढवला की पेटीचा आवाज चिरका होतो.”

तबला-तानपुऱ्याची चांगली ॲप तेव्हाही उपलब्ध होती. त्यांतले एक माझी ताई रोज गाताना लावत असे. मला मात्र असे साधन हवे होते, ज्यात धून विद्यार्थ्याने स्वतः लिहावी, ताल कोणताही निवडावा, पट्टी आणि लय हवी तेव्हा बदलावी, आणि स्वर मुद्रित केलेले नसून गणिताने जागच्या जागी तयार व्हावेत, म्हणजे लय कितीही चढली तरी आवाजाचा पोत बिघडणार नाही. स्वर तयार करतो तो सिंथेसायझर आणि कोणता स्वर कोणत्या क्षणी वाजायचा हे ठरवतो तो सिक्वेन्सर. दिवसा मी हिशेबाची सॉफ्टवेअर लिहितो. ध्वनीशी संबंधित एक ओळही मी तोवर लिहिली नव्हती. रोज संध्याकाळी मिळेल तेवढा वेळ देत हे ॲप लोकांच्या हाती जायला पावणेतीन वर्षे लागली.

पहिली आवृत्ती तीन संध्याकाळींत तयार झाली होती. पेटीच्या बारा स्वरांच्या फाइली, कोटलिन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला एक टायमर आणि दर मात्रेला त्या टायमरने वाजवलेली एक फाइल, एवढाच तिचा पसारा होता. भाचा डग्गा-तबला घेऊन बसला, त्याने तीन आवर्तने साधा ठेका धरला आणि चौथ्या आवर्तनात हात थांबवून म्हणाला, “मामा, हा हलतोय.” मला स्वतःला काहीच हलताना ऐकू येत नव्हते. म्हणून मी तो लेहरा दुसऱ्या फोनवर मुद्रित केला, ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला आणि प्रत्येक स्वराच्या आरंभापासून पुढच्या स्वराच्या आरंभापर्यंतचे अंतर मोजले. मिनिटाला १२० मात्रा असतील तर हे अंतर ५०० मिलिसेकंद असायला हवे. माझ्याकडे ४८६ पासून ५३१ पर्यंतचे आकडे निघाले. चौदा वर्षांच्या मुलाच्या कानाने जे तीन आवर्तनांत पकडले, ते मला मोजपट्टी लावल्यावर दिसले.

याचे कारण समजून घेताना जे शिकलो, त्यावर पुढचे सगळे काम उभे राहिले. टायमरला अर्धा सेकंद थांबायला सांगितले, तर तो अर्धा सेकंद तरी थांबतो. त्यानंतर फोनला सवड होईल तेव्हा जागा होतो. मध्येच सूचना आल्या, पडदा रंगवायचा असला, न लागणारी स्मृती मोकळी करायची वेळ आली, की तो आणखी मागे पडतो. शिवाय ‘वाजव’ म्हटल्यापासून आवाज बाहेर पडेपर्यंतचा वेळही दरवेळी सारखा नसतो. ध्वनी मात्र असा चालत नाही. फोनमधून निघणारा आवाज म्हणजे सेकंदाला ४८,००० आकड्यांची अखंड रांग असते. त्या प्रत्येक आकड्याला सॅम्पल म्हणतात. फोनची ध्वनियंत्रणा ही सॅम्पल्स तुकड्या-तुकड्यांनी मागते. माझ्या फोनवर एका वेळी १९२, म्हणजे ४ मिलिसेकंदांचा ध्वनी. या मागणीला उत्तर देणाऱ्या फंक्शनला कॉलबॅक म्हणतात. बाकी फोनमध्ये काहीही चाललेले असो, ही रांग आपल्या ठरलेल्या गतीनेच पुढे सरकते. तेव्हा लय मोजायची तर घड्याळाने मोजायचीच नाही, या रांगेतली सॅम्पल्स मोजायची. १२० च्या लयीत एक मात्रा म्हणजे २४,००० सॅम्पल्स, आणि पुढची मात्रा चोविसहजाराव्या सॅम्पलनंतरच पडणार, तिला दुसरी जागाच नाही.

म्हणजे सिक्वेन्सर कॉलबॅकच्या आत राहायला हवा. इथे नवखा माणूस एक चूक करतो, तशी मीही केली: तुकड्याच्या सुरुवातीला पाहायचे, या तुकड्यात मात्रा पडते का, आणि पडत असेल तर स्वर लगेच सुरू करायचा. चार मिलिसेकंदांच्या तुकड्यात ही चूक खपून जाते, पण एका स्वस्त फोनवर तुकडा ९६० सॅम्पल्सचा, म्हणजे २० मिलिसेकंदांचा निघाला आणि लेहरा पुन्हा हलू लागला. त्यावर उपाय असा की तुकडा मात्रेच्या जागी कापायचा. मात्रेच्या आधीचा भाग जुन्या स्वराने भरायचा, तिथे नवा स्वर सुरू करायचा आणि उरलेला भाग नव्या स्वराने भरायचा. एवढा बदल केल्यावर मोजणी पुन्हा केली, तेव्हा ऑडॅसिटीच्या पडद्यावर दोन स्वरांमधले अंतर शेवटपर्यंत एकसारखे राहिले. त्या रात्री मी तो आलेख बराच वेळ पाहत बसलो होतो.

कॉलबॅकच्या आत वागण्याचे नियम कडक असतात, कारण चार मिलिसेकंदांचा ध्वनी चार मिलिसेकंदांच्या आत तयार झाला नाही तर रांगेत खंड पडतो आणि तो खंड ‘टक्’ असा ऐकू येतो. तिथे नवी स्मृती मागायची नाही, फाइल उघडायची नाही आणि कुठल्याही कुलपाची, म्हणजे एका वेळी एकालाच माहिती हाताळू देणाऱ्या व्यवस्थेची, वाट पाहायची नाही. कुलूप घातक ठरते, कारण पडदा सांभाळणाऱ्या थ्रेडने, म्हणजे फोनमध्ये स्वतंत्रपणे चालणाऱ्या एका कामाने, ते लावलेले असताना फोनने त्यालाच बाजूला ठेवले, तर सगळ्यांत घाईचे काम असलेला ध्वनीचा थ्रेड सगळ्यांत कमी घाईच्या थ्रेडसाठी खोळंबून राहतो. म्हणून ध्वनीचा सगळा भाग मी सी प्लस प्लसमध्ये नव्याने लिहिला आणि पडदा व ध्वनी यांच्यात एक गोल रांग ठेवली, जिच्यात एका बाजूने फक्त पडदा लिहितो आणि दुसऱ्या बाजूने फक्त ध्वनी वाचतो. वापरणाऱ्याने लय बदलली की पडदा त्या रांगेत चिठ्ठी टाकतो. कॉलबॅक आपल्या सवडीने ती उचलतो. हे सगळे पाळूनही अधूनमधून एक टक् येतच होती आणि तिचा माग काढण्यात अकरा संध्याकाळी गेल्या. शेवटी सापडली ती एक साधी नोंद लिहिणारी ओळ, तपासणीसाठी घातलेली आणि काढायची राहून गेलेली. इतर कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये अशा ओळीने कुणाचेच काही बिघडले नसते.

लयीच्या हिशेबात अपूर्णांकांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. मिनिटाला ११० मात्रा असतील तर एका मात्रेत २६,१८१.८१८ सॅम्पल्स येतात. अर्धे-मुर्धे सॅम्पल नसते म्हणून सुरुवातीला मी तो अपूर्णांक सोडून देत होतो. एका मात्रेत हा फरक नगण्य आहे. पण तासाभरात ६,६०० मात्रा होतात आणि ५,४०० सॅम्पल्स, म्हणजे सेकंदाचा नववा हिस्सा, हरवतात. एकट्याने रियाज करणाऱ्याला ते जाणवणार नाही, परंतु दोन विद्यार्थी दोन फोन शेजारी ठेवून बसले तर जाणवते, आणि आमच्याकडे ते तसे बसतात. म्हणून उरलेला अपूर्णांक पुढच्या मात्रेच्या हिशेबात धरायचा आणि पूर्णांक फक्त स्वर सुरू करायच्या क्षणी करायचा, असे ठरवले.

मात्रेचे भाग किती पाडायचे, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न होता. वाद्ये एकमेकांना जोडणारी मिडी ही पद्धत १९८३ मध्ये आली आणि तिच्या घड्याळात एका ठोक्याचे २४ भाग असतात. दुगुन, तिगुन, चौगुन यांना चोवीस पुरेसे आहेत. पण पाच आणि सात यांनी चोवीसला भाग जात नाही, आणि आपल्याकडे कुआड म्हणजे चार मात्रांत पाच व बिआड म्हणजे चार मात्रांत सात. संगणकावरच्या बऱ्याच सिक्वेन्सरमध्ये वापरला जाणारा ९६० हा आकडा पाचला चालतो, सातला चालत नाही. सातांश मात्रा सर्वांत जवळच्या घरात ढकलली की बिआड लंगडते, आणि ज्याला बिआड येते त्याला ते लगेच कळते. मी वहीत एक ते दहापर्यंतच्या अंकांचा लघुत्तम सामायिक विभाज्य काढला, तो २,५२० आला. सोळा भागही हवेत म्हणून त्याची दुप्पट केली, ५,०४०. या आकड्याला एक ते दहापर्यंतच्या प्रत्येक अंकाने आणि शिवाय बारा, चौदा, पंधरा, सोळा यांनीही निःशेष भाग जातो. माझ्या ॲपमध्ये एका मात्रेचे ५,०४० टिक असतात आणि हा निर्णय मला एकदाही बदलावा लागला नाही.

पडद्यावरची घरे आखताना मात्र मी आधी चुकलो. सिक्वेन्सर म्हटला की डोळ्यांपुढे सोळा घरांची पट्टी येते. रोलंड कंपनीच्या १९८० च्या टीआर-८०८ या तालयंत्रावर सोळा बटणांची ओळ होती आणि तेव्हापासून ती ओळ या विषयाची जणू ओळखच झाली आहे. तीनतालाच्याही सोळा मात्रा असल्यामुळे मला वाटले, आपले काम सोपे झाले. प्रत्यक्षात त्या सोळा घरांचा अर्थच निराळा आहे: तिथे ठोके चार आणि प्रत्येकाचे चार तुकडे, इथे मात्रा सोळा, विभाग चार, टाळ्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर आणि नववीवर ‘खाली’, म्हणजे टाळी न देता दाखवायची जागा. झपतालाचे विभाग दोन-तीन-दोन-तीन, दीपचंदीचे तीन-चार-तीन-चार, एकतालाचे दोन-दोनचे सहा. सोळा घरांतली काही घरे झाकून रूपक किंवा रुद्र तयार होत नाही. तेव्हा ती पट्टी मी पूर्ण काढून टाकली आणि ताल म्हणजे विभागांची यादी, प्रत्येक विभागात मात्रा किती आणि त्याच्या आरंभी टाळी की खाली, अशी रचना केली. पडद्यावर एक ओळ म्हणजे एक विभाग. अकरा मात्रांचा रुद्र किंवा पंधरा मात्रांची पंचम सवारी विद्यार्थ्याला स्वतः मांडता येते.

या रचनेतही एक गृहीतक लपून राहिले होते. सम म्हणजे पहिली मात्रा, आणि पहिल्या मात्रेवर टाळी असणारच, असे धरून मी समेच्या ठोक्याला डग्ग्याचा घुमारा जोडला होता. गुरुजींनी रूपक लावला आणि पहिल्याच आवर्तनाला हात वर केला. “अहो, रूपकाची सम खालीवर आहे. तीं तीं ना, धी ना, धी ना. डग्गा चौथ्या मात्रेला बोलतो, पहिल्या मात्रेला तुम्ही त्याला बोलवलंत कशाला?” ताल मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि तरी ही गोष्ट माझ्या मांडणीतून सुटली. त्यानंतर सम ही स्वतंत्र खूण झाली आणि टाळी-खालीशी तिचे नाते प्रत्येक तालापुरते वेगळे लिहिले गेले. लयीची पट्टीही त्यांच्याच सांगण्यावरून खाली वाढवली. मी ती मिनिटाला चाळीस मात्रांवर थांबवली होती, आणि विलंबित एकतालात एक मात्रा चार-चार सेकंदांची असू शकते.

आता आवाजाकडे येतो. पेटीच्या स्वराची नक्कल करायला करवतीच्या दात्यांसारखी लहर सोयीची असते, कारण तिच्यात मूळ स्वराचे सगळे हार्मोनिक, म्हणजे त्याच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतली कंपने, असतात. दोन अगदी किंचित वेगळ्या लहरी एकत्र केल्या की डबल रीडचा भरदारपणाही येतो. मंद्र आणि मध्य सप्तकात ती छान वाटत होती, पण तार सप्तकात स्वराच्या मागे एक परकी, बेसूर शीळ ऐकू येई आणि स्वर वर जाताना ती खाली उतरे. सेकंदाला ४८,००० सॅम्पल्स असतील तर २४,००० हर्ट्झच्या वरची कंपने त्यांत मावत नाहीत, आणि जी मावत नाहीत ती नाहीशी न होता उलटी फिरून खाली येतात. २,५०० हर्ट्झच्या लहरीचा एकोणिसावा हार्मोनिक ४७,५०० हर्ट्झचा असतो. तो ४८,००० मधून वजा होऊन ५०० हर्ट्झचा होऊन ऐकू येतो, आणि ५०० हर्ट्झचा त्या धुनीशी काही संबंध नसतो. दात्याची जी उभी उडी असते, तिच्या दोन्ही बाजूंची एकेक सॅम्पल गणिताने गोलसर केली की ही शीळ बरीच दबते. या युक्तीला पॉलीब्लेप म्हणतात आणि ती थोडक्या ओळींत बसते.

पेटीच्या स्वराच्या सुरुवातीनेही मला बराच वेळ गुंतवून ठेवले. खऱ्या पेटीची रीड भात्याची हवा लागल्यावर हळूहळू बोलू लागते, म्हणून मी स्वर पूर्ण उमलायला ४० मिलिसेकंद दिले होते. आवाज फार खरा वाटत होता. सॅम्पल मोजून पाहिली तर प्रत्येक स्वर अचूक जागी सुरू होत होता, आणि तरीही भाचा म्हणत होता की लेहरा मागे ओढतो. कान स्वराचा आरंभ तो पुरेसा मोठा झाल्यावर धरतो, हे मग लक्षात आले. उमलण्याचा वेळ शून्यावर आणला तर आरंभी टक् येते. दहा-बारा वेगवेगळे आकडे भाच्यासमोर वाजवून पाहिले आणि १२ मिलिसेकंदांवर दोघांचे एकमत झाले.

तानपुरा हा माझ्या दृष्टीने या कामातला सर्वांत आनंदाचा भाग. केव्हिन कार्प्लस आणि ॲलेक्स स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये छेडलेल्या तारेची एक अतिशय सोपी रीत प्रसिद्ध केली होती. तारेच्या एका कंपनाइतक्या लांबीची रांग घ्यायची, तिच्यात अस्ताव्यस्त आकडे भरायचे, ती गोल फिरवायची आणि प्रत्येक फेरीत शेजारच्या दोन आकड्यांची सरासरी घ्यायची. आरंभीचा खरखराट काही क्षणांत विरतो आणि तारेचा स्वर उरतो. ताई काळी पाच या पट्टीत गाते, म्हणून मधल्या जोडीच्या तारा २३३.०८ हर्ट्झला आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर लावून मी तिच्या हाती फोन दिला. तिने डोळे मिटून पाच-सहा आवर्तने ऐकली. मग म्हणाली, “खर्ज आणि जोड मिळालेले नाहीत रे. दर तीन-चार सेकंदांनी आवाज हेलकावतोय.”

मी हिशेब मांडला. रांगेची लांबी पूर्णांकातच असते, आणि सरासरी घेतल्याने तिच्यात अर्ध्या सॅम्पलची भर पडते. जोडीची रांग २०५ आणि अर्धे मिळून २०५.५, खर्जाची ४११ आणि अर्धे मिळून ४११.५ धरली गेली होती. म्हणजे जोड २३३.५८ हर्ट्झवर आणि खर्जाचा दुसरा हार्मोनिक २३३.२९ वर होता. फरक ०.२८ हर्ट्झचा, तेव्हा हेलकावा साडेतीन सेकंदांनी एकदा. ताईने कानाने सांगितलेला आकडा कागदावर जसाच्या तसा उतरलेला पाहून मी तिला तो कागद दाखवला. रांगेच्या तोंडाशी एक छोटा ऑलपास फिल्टर, म्हणजे आवाजाचा पोत न बदलता त्याला किंचित उशीर करणारे गणित, बसवून लांबी अपूर्णांकात धरता येते. तो बसवला आणि हेलकावा गेला. पंचमही तेव्हाच समविभागी, म्हणजे बारा समान भागांच्या, सप्तकातून काढून षड्जाच्या दीडपटीवर आणला.

सूर जुळला तरी जवारी, म्हणजे तानपुऱ्याची ती भरलेली गुंज, नव्हती. तार स्वच्छ वाजत होती आणि लगेच विझत होती. कोरोनाचे निर्बंध उठल्यावर गुरुजींकडे गेलो, तेव्हा त्यांनी मला मिरजेतल्या एका तंतुवाद्यांच्या दुकानात नेले. तिथल्या कारागिराने तार आणि ती जिच्यावर टेकते ती घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवला आणि तार छेडत-छेडत तो दोरा नखाने पुढे ढकलत नेला. आधी आवाज बोथट होता, मग किंचित खरखरला, आणि केसाच्या रुंदीइतका आणखी सरकल्यावर एकदम उघडला. एकाच तारेतून एकामागून एक वरचे स्वर बाहेर पडू लागले आणि खर्जाच्या तारेत गंधार स्पष्ट ऐकू आला. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये याच घोडीवर निबंध लिहिला होता. तार ज्या बिंदूवर छेडावी तिथे ज्यांचा निस्पंद, म्हणजे न हलणारा बिंदू, पडतो ते हार्मोनिक नियमाप्रमाणे उमटायला नकोत. तानपुऱ्यात मात्र ते ठळक उमटतात आणि याचे मूळ घोडीच्या वक्र पृष्ठभागात आहे, असे त्यांनी दाखवले. तार त्या वक्र पृष्ठभागाला टेकते आणि सुटते, त्यामुळे कंपन मोठे असताना तिची लांबी क्षणोक्षणी बदलत राहते. मी तेच रांगेला शिकवले: लहर एका बाजूला झुकली की रांग किंचित आखूड व्हायची, किती आखूड ते लहरीच्या उंचीवर ठरायचे. ते ‘किती’ ठरवणाऱ्या पट्टीला ॲपमध्ये मी ‘दोरा’ असेच नाव दिले आहे. ती सरकवताना आवाज उघडण्याची जागा खऱ्या दोऱ्याइतकीच अरुंद आहे.

आयफोनची आवृत्ती मी अजून केलेली नाही. अँड्रॉइडवर गूगलच्या ओबो या मुक्त लायब्ररीने माझे बरेच श्रम वाचवले; नव्या फोनवर ती एऑडिओ आणि जुन्या फोनवर ओपन एसएल ईएस हा ध्वनीचा मार्ग आपणहून निवडते. तरी एका जुन्या स्वस्त फोनवर आवाज तुटत होता आणि तो नेमका समेवर तुटत होता. दर तुकड्याचे काम थोडक्यात आटोपून माझा कॉलबॅक विसावत असे. ते पाहून फोन प्रोसेसरची गती उतरवत असे. आणि समेवर लेहऱ्याचा स्वर, तानपुऱ्याची तार आणि ठोका एकाच क्षणी आले की उतरलेली गती पुरत नसे. कॉलबॅकचे काम मुद्दाम एकसारखे राखले, म्हणजे स्वर वाजत नसतानाही त्याचा हिशेब चालू ठेवला, तेव्हा सम टिकली. बॅटरी थोडी जास्त लागते, हे मी मान्य केले.

ब्लूटूथच्या हेडफोनची मला धास्ती होती, कारण त्यांतून आवाज सेकंदाचा पाचवा हिस्सा उशिरा येऊ शकतो. विचार केल्यावर लक्षात आले की लेहऱ्यासाठी हा उशीर निरुपद्रवी आहे. तबलजी जे ऐकतो त्यावर वाजवतो. सगळाच लेहरा सारख्याच उशिराने आला तर त्याला तो कळतही नाही. अडचण फक्त पडद्यावर उजळणाऱ्या मात्रेची होती, कारण ती आवाजाच्या पुढे धावत होती. ध्वनियंत्रणेला कोणते सॅम्पल आत्ता बाहेर पडत आहे हे विचारता येते, त्यावरून मात्रा उजळवली आणि उरलेल्या फरकासाठी एक हाताने जुळवायची पट्टी दिली.

२०२४ च्या जानेवारीत प्ले स्टोअरवर खाते उघडले. नव्या वैयक्तिक खात्याला त्या वेळी वीस जणांकडून सलग चौदा दिवस चाचणी करून घ्यावी लागे. गुरुजींच्या वर्गातले विद्यार्थी आणि त्यांचे पालक मिळून तेवीस जण झाले. त्यांच्या सूचना वहीत लिहून घेतल्या. बहुतेक बटणांच्या आकाराबद्दल होत्या, कारण तबल्यासाठी पावडर लावलेल्या बोटांनी आणि खाली जमिनीवर ठेवलेल्या फोनवर ते वापरले जात होते. लय वाढवण्याचे बटण मी अंगठ्याएवढे केले.

गुरुजींची सूचना सर्वांत शेवटी आली. त्यांनी चंद्रकंसातला तीनतालाचा आपला नेहमीचा लेहरा ॲपमध्ये स्वतः लिहिला आणि अर्धा तास त्यावर वाजवले. मग म्हणाले, “लय चोख आहे. पण पेटीवाला समेकडे येताना जरा रेंगाळतो आणि मग समेवर उतरतो. ही धून सगळीकडे सारखीच चालते.” मी त्यांना पेटीवर तोच लेहरा वाजवायला सांगितले, मुद्रित केला आणि मोजला. सम दरवेळी जागेवर होती. चौदावी मात्राही जागेवर होती. पंधराव्या मात्रेचा स्वर मात्र प्रत्येक आवर्तनात साधारण एक षोडशांश मात्रा उशिरा येत होता. प्रत्येक घरातला स्वर त्याच्या मात्रेच्या मागे-पुढे सरकवण्याची सोय मी त्या आठवड्यात केली. गुरुजींनी पंधराव्या घरावर बोट ठेवून स्वर ३१५ टिकांनी उशिरा सरकवला, पुन्हा लेहरा लावला आणि काही न बोलता तबल्यावर हात ठेवला. ॲप पहिल्यांदा उघडल्यावर आज जो लेहरा वाजतो, तो त्यांनी त्या दिवशी जतन केलेलाच आहे.